झाकणाखालचं पॅकिंग

साकोलीला माझी थोरली मुलगी दिली आहे. तिच्याकडे जाताना बसमध्ये शेजारचा माणूस हमखास विचारतो, "काय करत होते जी तुमी?" मी सांगतो, "खाणीत इलेक्ट्रिशियन होतो." त्याचं समाधान होतं. आमच्या नाकाडोंगरीच्या पट्ट्यात खाण म्हटलं की मँगनीज, आणि इलेक्ट्रिशियन म्हटलं की पंप, केबल आणि करंट. उत्तर खोटं नाही. पण नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी मँगनीजसाठी एक बल्बसुद्धा लावला नाही. त्या वर्षांत मी जमिनीखाली एक पेटी सांभाळत होतो आणि तिच्यात काहीतरी आदळेल याची वाट पाहत होतो. काय आदळेल ते मला माहीत नव्हतं. ज्यांनी पेटी ठेवली त्यांनाही नव्हतं. हे बसमध्ये सांगायला लागलं तर लाखनी येईपर्यंत माणूस उठून दुसरीकडे बसतो. म्हणून इथे लिहितो.

जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळं झालं, त्यानंतर काही वर्षांनी आमच्या खाणीतला पश्चिमेचा भाग बंद झाला. माल संपला होता. बोगदा मात्र शाबूत, कोरडा, आणि डोक्यावर सगळा डोंगर. तो बघायला एका मोठ्या शहरातल्या संस्थेचे शास्त्रज्ञ आले. त्यांना लोखंड नको होतं, मँगनीज नको होतं, डोंगर हवा होता. वरून, आकाशातून, सतत बारीक कणांचा मारा चालू असतो म्हणे. तुमच्या-माझ्या अंगातून ते रोज आरपार जातात. त्यांना अडवायला जाड छत पाहिजे. डोंगरापेक्षा जाड छत कोण बांधून देणार?

मॅनेजर साहेबांनी त्यांच्या मदतीला मला दिलं. मी तुमसरच्या आयटीआयचा. वडील याच खाणीत कामगार होते. माझ्यात विशेष एवढंच, की तार जोडताना माझा हात हलत नाही.

त्या गटाच्या प्रमुख इनामदार मॅडम. वय चाळिशीच्या आसपास, पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं पुण्याकडचं, आणि राग नाकावर. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "रामटेके, आपण काय शोधतोय ते तुम्हाला कुणी सांगितलं का?"

"नाई जी," मी म्हणालो. "पेटीले करंट देऊन राहाचं, एवढं सांगितलं."

"मग तुमचा पिंजरा कसा चालतो ते आधी तुम्ही मला सांगा."

आमच्याकडे खाली उतरायला दोराला टांगलेला लोखंडी पिंजरा असतो. वर इंजिनघरात चालकाला पिंजरा दिसत नाही. तो मोटारीवरचा भार बघून ओळखतो की आत माणसं किती. मी हे सांगितल्यावर मॅडम म्हणाल्या, "समजा हजेरीत पाच माणसं आहेत, आणि मोटार तीस माणसांचा भार दाखवतेय. चालक काय म्हणेल?"

"कोनी तरी बिनहजेरीचं चढलं म्हणेल."

"तेच," त्या म्हणाल्या. "विश्व कशाकशाचं बनलंय, त्याची आमच्याकडे एक हजेरी आहे. तिला स्टँडर्ड मॉडेल म्हणतात. फार उत्तम हजेरी आहे, तीस-पस्तीस वर्षांत एक नाव खोडावं लागलं नाही. पण आकाशातल्या दीर्घिका ज्या वेगानं फिरतात त्यावरून भार मोजला, तर हजेरीतल्यांपेक्षा पाचपट वजन जास्त निघतं. ते कुणाचं? ते दिसत नाही, कशाला अडत नाही. त्याला कृष्णद्रव्य असं नाव देऊन ठेवलंय. नाव दिलं म्हणजे ओळख झाली असं नाही."

नोकरीत मला पुष्कळ साहेबांनी कामं सांगितली. काम कशासाठी ते सांगणाऱ्या या पहिल्याच.

एक अडचण होती. त्या काळात खाणीच्या कायद्यानं बाईला जमिनीखाली कामाला नेता येत नसे. मॅनेजर साहेब नियमाला पक्के. त्यामुळे मॅडमची पेटी खाली आणि मॅडम वर, पत्र्याच्या छपराखालच्या एका खोलीत. मध्ये टेलिफोनची तार, आणि मी. त्यांच्याबरोबरचे पुरुष शास्त्रज्ञ येत-जात, पण रोजचा हात माझा. झाकण बसलं का, वायर गरम होते का, फरशीला ओल आहे का, हे सगळं त्या माझ्या डोळ्यांनी पाहत होत्या. खाली मी जे नोंदवहीत लिहीन ते वर खरं.

पेटीचं काम सोपं करून सांगतो. मधोमध एक स्फटिक, नारळाएवढा. त्यावर काही आदळलं की आत अगदी मंद उजेड होतो, आणि तो पकडणाऱ्या नळ्या त्याची नोंद करतात. अडचण अशी, की जगात सगळंच थोडंफार आदळत असतं. दगडातून किरणं निघतात, विटेतून निघतात, माणसाच्या अंगातूनही निघतात. म्हणून स्फटिकाभोवती तांब्याचा डबा, त्याभोवती शिशाच्या विटा. आता गंमत अशी, की नवं शिसंही स्वतःच बारीक किरणं सोडतं. शिसं जितकं जुनं तितकं शांत. सगळ्यात आतल्या थरासाठी मॅडमना शंभर वर्षं जुनं शिसं पाहिजे होतं.

"कुठे मिळेल?" त्यांनी विचारलं.

गोसीखुर्दच्या धरणात ज्यांची गावं गेली, त्यांच्या एका पुनर्वसनाच्या वस्तीत माझी बहीण राहते. तिच्या ओळखीनं मी डोमाजी नावाच्या म्हाताऱ्या ढिवराकडे गेलो. नदीत जुन्या पद्धतीनं जाळं फेकून मासे धरणारं त्यांचं घराणं. धरणाचं पाणी अफाट, तिथे नवी नायलॉनची जाळी आली, आणि आजोबांची जाळी छपराला टांगून राहिली. त्या जाळ्यांच्या कडेला शिशाचे मणी ओवलेले होते.

डोमाजींनी जाळं खाली काढलं, पण हातातून सोडेनात.

"कायले पायजे म्हनता?"

"एक बारीक चीज पकडाची हाय," मी म्हणालो. "खाणीत पेटी ठेवली हाय त्यासाठी."

"कोनती चीज?"

"ते अजून कोनालेच माहीत नाई."

म्हाताऱ्यानं जाळं माझ्यापासून मागे ओढलं. मला वाटलं, आता हाकलणार. तो म्हणाला, "माहीत नाई त जाळ्याचा डोळा केवढा ठेवला? मोठा ठेवला त बारकी मासोयी निसटते. लहान ठेवला त सारा कचरा येते."

 खाणीवर परत आलो आणि मॅडमना हे सांगितलं. त्या खुर्चीतून उठल्याच. "हाच प्रश्न! गेली तीस वर्षं आम्ही सगळे याच्यावर भांडतोय. काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

"काईच नाई."

"बरोबर सांगितलंत."

पुढच्या आठवड्यात त्या स्वतः वस्तीवर आल्या. डोमाजींच्या ओट्यावर बसून त्यांनी जाळी विणायची सुई हातात धरून पाहिली, आणि म्हाताऱ्यानं मणी काढून दिले. सगळे उपयोगी नव्हते. तपासणीत निम्म्याहून जास्त नवे निघाले, पुढच्या पिढीनं बदललेले. पण जे जुने होते ते खरोखर शांत होते. ते वितळवून आतल्या थराच्या पातळ पट्ट्या झाल्या. अशा कामात माझा जीव रमत गेला.

आता माझ्या चुकीकडे येतो.

खाणीच्या हवेत रेडॉन नावाचा वायू असतो. दगडातून झिरपतो, वास नाही, रंग नाही, पण पेटीला तो फार दिसतो. तो आत येऊ नये म्हणून तांब्याच्या डब्यात सिलिंडरमधून नायट्रोजन सोडायचा आणि झाकण घट्ट बसवायचं. झाकणाखाली रबराची चकती असते. आम्ही तिला पॅकिंग म्हणतो. ती खास जातीच्या रबराची, मुंबईहून यायची होती. आली नाही. मॅडमची सुरुवातीची तारीख ठरलेली. मी पंपासाठी आणलेल्या रबराच्या शीटमधून हातानं एक पॅकिंग कापलं आणि बसवलं. आठ दिवसांचा प्रश्न आहे, खरं आलं की बदलू. नोंदवहीत लिहिलं, "झाकण बसवले. पॅकिंग नवीन."

शब्द खोटे नव्हते. पॅकिंग नवीनच होतं.

खरं पॅकिंग दोन महिन्यांनी आलं. तोवर पेटी नीट चालली होती. काट्यावर नायट्रोजनचा दाब बरोबर दिसत होता. झाकण उघडलं तर पुन्हा पंधरा दिवस सगळं शांत होण्याची वाट पाहावी लागली असती. मी ते पाकीट कपाटात ठेवलं. नंतर विसरलो. खाणीत मी पाण्याचे पंप असेच सांभाळले होते. चालतंय ना, मग हात लावू नका. पंपाच्या बाबतीत तो धर्म बरोबर आहे.

पहिलं वर्ष गेलं. दुसरं जात आलं. मॅडमच्या आलेखावर एक हेलकावा दिसायला लागला. मार्चनंतर पेटीतले ठोके, म्हणजे उजेडाच्या नोंदी, वाढत, मे-जूनला सगळ्यात जास्त, पावसाळ्यात उतरत आणि डिसेंबरात तळाला. दुसऱ्या वर्षीही आतापर्यंत तसंच.

मॅडम हे मला सांगताना आधी खोलीचं दार बंद करून आल्या. "पृथ्वी सूर्याभोवती फिरते, आणि सूर्य सगळा लवाजमा घेऊन दीर्घिकेत धावतोय. कृष्णद्रव्य जर सगळीकडे पसरलेलं असेल, तर जूनच्या सुरुवातीला आपण त्याच्यात जास्त वेगानं घुसतो आणि डिसेंबरात कमी. सायकलवर वारा समोरून लागतो तसं. परदेशात एका गटाला असा हेलकावा बरीच वर्षं दिसतोय आणि त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. आणि आता आपल्याला."

"म्हणजे सापडलं?" मी विचारलं.

"तो शब्द काढू नका," त्या म्हणाल्या. पण हसत होत्या. त्यांना असं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं.

जानेवारीच्या मध्यावर दक्षिणेकडे एक मोठी परिषद होती. देशोदेशीचे लोक येणार होते. मॅडमचं भाषण ठरलं. पेटीचं काम पुढे चालू ठेवायचं की गुंडाळायचं, हेही त्यावरच ठरणार होतं. मी घरी बायकोला, वंदनाला, एवढंच सांगितलं की मॅडमचं नाव होणार आहे.

डिसेंबरच्या शेवटी एक साधी गोष्ट घडली. पेटी होती त्या जुन्या, बंद भागात हवा खेळवणारा एक पंखा होता. त्याचं बेअरिंग गेलं आणि पंखा चार दिवस बंद राहिला. मी खाली जायचो तर हवा कोंदट, श्वास जड. त्याच चार दिवसांत पेटीतले ठोके वाढले. डिसेंबरात. तळाला असायला पाहिजे तेव्हा. मॅडमनी वरून फोनवर सांगितलं, "सिलिंडर बदलताना काही झालं असेल. तेवढे दिवस बाजूला काढू."

मी हो म्हणालो. पण पिंजऱ्यातून वर येताना मी पंखा बंद असलेले दिवस बोटांवर मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पंखाघरात गेलो. तिथे मडावीकाका. पंचवीस वर्षं त्यांनी पंखे सांभाळले. पंखा कधी चालू झाला, कधी बंद झाला, याची वही ते अशी लिहीत की अक्षराला अक्षर लागत नसे.

"काका, दोन सालाची वही पाहू द्या ना."

"काहून? कोनी तक्रार केली का?"

"नाई. माह्याच कामाची हाय."

वही उघडली. त्या वर्षांत आमच्याकडे उन्हाळ्यात भारनियमन किती होतं ते लोकांना आठवत असेल. मार्च लागला की वीज जायला सुरुवात, मे महिन्यात तर सहा-सहा, आठ-आठ तास. खाणीचं जनरेटर पिंजऱ्याला, पंपांना आणि आमच्या पेटीला तेवढं पुरायचं. जुन्या भागात कामगार नाहीत म्हणून तिथला पंखा वीज गेली की बंद. पाऊस पडून वीज सुधारली की पंखा पूर्ण वेळ. हिवाळ्यात एक तासही बंद नाही.

मी खिशातून ठोक्यांच्या आकड्यांचा कागद काढला आणि महिन्याला महिना लावत गेलो. मडावीकाका चहा घेऊन आले, तो थंड झाला. जिथे पंखा जास्त बंद, तिथे ठोके जास्त. दोन वर्षं, चोवीस महिने, सगळे जोडीनं चालले होते. आकाशातला वारा वगैरे काही नव्हतं. उन्हाळ्यातलं भारनियमन होतं. पंखा बंद झाला की बोगद्यात रेडॉन साठत होता. पण तो डब्यात कसा शिरत होता? डबा तर बंद होता.

तेव्हा मला कपाटातलं पाकीट आठवलं.

खरं सांगतो, मी लगेच उठून गेलो नाही. तीन दिवस गप्प राहिलो. मनात सगळं येऊन गेलं. कुणाला कळणार आहे? मॅडमना खाली यायला बंदी, वही माझ्या हातची. पाकीट उघडून गुपचूप पॅकिंग बदललं की पुढच्या उन्हाळ्यात हेलकावा येणार नाही, आणि लोक म्हणतील, पेटी बिघडली. मला पुन्हा पंपावर पाठवतील ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती मॅडमच्या तोंडाची. ते हसणं माझ्यामुळे जाणार होतं. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी जेवताना वंदनाशी बोलत नाही. तिनं विचारलं, "काहून असे करून राहिले? कामावर काई झालं का?" तिला काही सांगितलं नाही. डबा घेतला आणि निघालो.

मॅडम त्यांच्या खोलीत जेवायला बसल्या होत्या. समोर भाषणाचे कागद.

"मॅडम, मले एक सांगाचं हाय."

"बोला."

"तो हेलकावा आकाशातला नाई जी. तो माह्या हातचा हाय."

त्यांना समजलं नाही. मी पंखाघराची वही टेबलावर ठेवली, शेजारी माझा कागद, आणि शेजारी ते न फोडलेलं पाकीट. पंपाचं रबर, आठ दिवसांचं ठरवलेलं, "पॅकिंग नवीन" हे शब्द, सगळं सांगितलं. सांगताना वर पाहिलं नाही.

त्यांनी वही ओढून घेतली. बोट फिरवत मार्चपासून मेपर्यंत गेल्या, मग पुढच्या वर्षाच्या मार्चला. मग कागद ढकलून म्हणाल्या, "दोन वर्षं, रामटेके! दोन वर्षं मी या वहीवर डोळे मिटून विश्वास ठेवला. मला खाली पाय ठेवता येत नाही म्हणून तुमचं अक्षर हेच माझे डोळे होते."

"हो जी."

"आणि काट्यावर दाब बरोबर कसा दिसत होता?"

"काटा डब्याच्या अलीकडं हाय. गॅस तिथून बरोबर जाते. झाकनातून निसटत असन."

त्या उठून खिडकीपाशी गेल्या. बाहेर मँगनीजचे काळे ढीग. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "रेडॉन मोजायचं यंत्र पहिल्याच पावसाळ्यात दमटपणानं बंद पडलं होतं. मी दुसरं मागवलं, आलं नाही, आणि मीही म्हटलं, डबा बंद आहे, काय गरज? तेव्हा सगळा दोष तुम्हीच नेऊ नका." मग वळल्या. "भाषणाला किती दिवस राहिले?"

"पंधरा."

"सोळाव्या दिवशी सांगितलं असतंत तर?"

 त्या खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. मला वाटलं रडतायत. हात काढले तर डोळे कोरडे होते, फक्त चेहरा उतरलेला. "सगळ्या जगासमोर उभं राहून मी तुमसरचं भारनियमन दाखवलं असतं," त्या म्हणाल्या. "चला. आधी खरं आहे का ते तपासू. तुमचं म्हणणंही मी आता नुसतं ऐकून घेणार नाही."

हे वाक्य मला लागलं. पण ते योग्य होतं.

त्या थेट मॅनेजर साहेबांकडे गेल्या. काम करायला नाही, पाहणीला म्हणून बाईला नेता येतं असा अर्थ साहेबांनी वर विचारून काढला, आणि दोन दिवसांनी मॅडम डोक्यावर टोपी, कमरेला दिव्याची बॅटरी बांधून पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. पिंजरा सुटला तशी त्यांनी माझी बाही धरली. खाली उतरल्यावर सोडली. बोगद्यातून चालत पेटीपाशी आलो. त्या थांबल्या. दोन वर्षं जिचे आकडे रोज पाहिले ती पेटी त्यांनी पहिल्यांदा पाहिली.

"एवढीच आहे?" त्या म्हणाल्या.

"एवढीच."

"मला वाटायचं मोठी असेल." त्यांनी शिशावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

त्या दिवशी आम्ही मुद्दाम पंखा बंद करवला. जुनं पॅकिंग तसंच. दीड दिवसात ठोके चढले. मग झाकण काढलं. माझ्या हातचं रबर एका बाजूनं कडक होऊन तडकलं होतं. नखानं दाबलं तर तुकडा पडला. मॅडमनी तो कागदात गुंडाळून ठेवला. खरं पॅकिंग बसवलं, ते बसवताना त्यांनी दिवा धरला. पुन्हा सगळं शांत व्हायला पंधरा दिवस लागणार होते आणि परिषद मध्येच येत होती.

त्या परिषदेला गेल्या. मी म्हटलं होतं, नका जाऊ. त्या म्हणाल्या, "नाव दिलंय, उभं तर राहायलाच पाहिजे." त्यांनी तिथे हेलकावा दाखवला, पंखाघराची वही दाखवली आणि रबराचा तुकडा दाखवला. परत आल्यावर सांगितलं, टाळ्या फार नव्हत्या. पण चहाच्या वेळी दोन वेगवेगळ्या देशांतले लोक येऊन हळूच विचारून गेले की पंख्याच्या नोंदी तुम्ही किती वेळानं घेता. माझं नाव कुणी विचारलं का, असं मी विचारलं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं, "तुमचं नाव घेतलं. चूक करणारा म्हणून नाही. शोधणारा म्हणून."

फेब्रुवारीत नव्या पॅकिंगवर पंखा पुन्हा मुद्दाम बंद केला. दोन दिवस, तीन दिवस. ठोके हलले नाहीत. मला बरं वाटलं, पण पुरतं नाही. उन्हाळा अजून जायचा होता.

मॅडमचा राग मात्र लगेच गेला नाही. वर्षभर नोंदवहीवर माझ्या सहीखाली दुसऱ्याची सही लागायची. एखादा शब्द संशयास्पद वाटला की फोनवर विचारायच्या, "नवीन म्हणजे कुठलं नवीन?" मी निमूट सांगायचो. त्या वर्षाचं मला वाईट वाटतं, आणि ते वाटायलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट तेव्हा बाहेर आली. जुन्या भागातली ती हवा पुढे वळून चालू कामाच्या बोगद्यात जात होती. तिथे माणसं काम करत होती. पेटीला रेडॉन नको म्हणून आम्ही केवढा आटापिटा केला, आणि माणसांच्या छातीचं कुणी मोजलं नव्हतं. मीही नाही, माझे वडील त्याच हवेत राबले असूनही नाही. मॅडमनी रेडॉनचं नवं यंत्र आणवून तिथली हवा मोजून घेतली आणि ते आकडे मॅनेजर साहेबांपुढे ठेवले. साहेबांनी कुरकूर न करता त्या पंख्यालाही जनरेटरची लाइन दिली. ती केबल मी ओढली. तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांत कुणाशी बोलायची गरजच वाटली नाही, इतकं मन मोकळं होतं.

मार्च लागला. वीज गेली, पंखा जनरेटरवर चालू राहिला. एप्रिल गेला. मे महिन्यात आमच्याकडे उन्हात डोंगरसुद्धा थरथरल्यासारखा दिसतो. मी रोज खाली जाऊन आकडे आणायचो आणि मॅडम आलेखावर ठिपका द्यायच्या. ठिपका वर गेला नाही. खालीही नाही. जून गेला. ठिपके एका ओळीत, जणू फूटपट्टी लावून मारल्यासारखे.

डिसेंबरपर्यंत थांबायचं ठरलं होतं, थांबलो. तळही आला नाही. मग मॅडमनी निबंध लिहून पाठवला. त्याचा सारांश त्यांनी मला मराठीत सांगितला तो असा, की एवढ्या बारकाईनं पाहिलं तरी हजेरीबाहेरचं कुणी आम्हाला दिसलं नाही. असलंच तर याहून बारीक डोळ्याच्या जाळ्यानं शोधावं. तो निबंध स्वीकारल्याचं पत्र आलं तेव्हा मॅडमनी फोन खाली लावला. मी पेटीपाशीच होतो.

"रामटेके, झालं. एकही दुरुस्ती सांगितली नाही."

मी तिथे शिशाला टेकून फरशीवर बसलो.  नोकरीत बढती मिळाली होती, बक्षिसं मिळाली होती, पण असा हलका मी कधी झालो नव्हतो. काही सापडलं नव्हतं, आणि ते खरं होतं.

वर आलो, मोटारसायकल काढली, तुमसरला गेलो आणि पेढे घेतले. घरी वंदना अंगणात तांदूळ निवडत होती.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"आमचा निकाल लागला."

"सापडलं?"

"काईच नाई सापडलं."

तिनं सूप खाली ठेवलं. "मंग पेढे काहून आनले?"

मी सांगायला लागलो. हजेरी, भार, पंखा, ठिपके. तिनं अर्धं ऐकलं असेल. मध्येच उठली, पेढ्याचा डबा माझ्या हातातून घेतला आणि शेजारच्या लीलाबाईकडे गेली. मला कुंपणाआडून ऐकू आलं.

"घे लीला, तोंड गोड कर. आमच्या यायचा रिपोर्ट आला."

"कायचा जी?"

"एवढे साल तपासत होते. काईच नाई निघालं."

"बरं झालं बाप्पा!" लीलाबाई म्हणाली. "सुटलीस वं मायबाई. घोर किती असते त्याचा."

"हो ना," वंदना म्हणाली.

मी उठून खुलासा करायला जाणार होतो. मग बसून राहिलो. लीलाबाई म्हणाली त्यात चुकीचं काहीच नव्हतं.